फी वडिलांनी भरली, बदलायचं मुलानं

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकची. १६ वर्षं अंबडच्या एका कारखान्यात एच. आर.मध्ये काढली, मग कोचिंगचं रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे पर्सनल कोचिंग करते, म्हणजे माणसाला स्वतःचं ध्येय ठरवून ते गाठायला प्रश्न विचारत मदत करते. बहुतेक क्लायंटबरोबर काम छान चालतं. पण सध्या दोघांमुळे माझी झोप उडाली आहे.

पहिला, २९ वर्षांचा मुलगा. वडिलांचा पाइप आणि सॅनिटरी सामानाचा होलसेल धंदा आहे. ‘पोराला जबाबदारीची जाणीव करून द्या’ म्हणून त्यांनी १२ सेशनचे पैसे एकरकमी भरले. पाच सेशन झाली. मुलगा वेळेवर येतो, अदबीने बसतो, मी काहीही म्हटलं की ‘हो मॅडम, बरोबर आहे’ म्हणतो. पण ठरलेलं एकही काम करून आणत नाही. दर रविवारी वडिलांचा फोन येतो, ‘काय मग, काही फरक?’ मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि फोन ठेवला की मलाच कसंतरी होतं.

दुसरी, ३६ वर्षांची, बँकेत अधिकारी. स्वतःहून आली, पैसे स्वतः भरले. पहिल्या कॉलला इतका उत्साह की मला वाटलं, अशी क्लायंट मिळायला भाग्य लागतं. करिअर बदलायचंय म्हणते. पण तीन सेशन झाली आणि प्रत्येक वेळी ती रडतच असते. चार महिन्यांपूर्वी तिची आई गेली. पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, कामात चुका होतात. तरी म्हणते, ‘मॅडम, तुम्ही मला टार्गेट द्या, मी करते.’

माणूस कोचिंगला तयार नाही हे आधी कसं ओळखायचं? आणि आता मध्येच थांबवायचं, तर कोणत्या तोंडाने सांगायचं?

– एक कोच, नाशिक

उत्तर

नमस्कार,

तुम्ही मुलाबद्दल आधी लिहिलंत, पण मी बँकेतल्या बाईंपासून सुरुवात करते. तिथे पुढच्या सेशनची वाट पाहायची नाही.

आई जाऊन चार महिने म्हणजे काहीच नाही. दुःख हा आजार नव्हे आणि रडणं हे लक्षणही नव्हे. अमुक महिन्यांत माणसाने सावरलंच पाहिजे, असा नियम कुणीही लावू नये. पण पहाटे तीनला जाग, भूक नाही, कामात चुका, हे सगळं एकत्र आलं आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, की डॉक्टरने एकदा पाहायलाच हवं. नैराश्य असेल, नसेल. ते निदान तुम्ही करायचं नाही आणि पत्र वाचून मीही करणार नाही. शिवाय या वयाच्या बाईला एवढा थकवा आणि झोपेची अशी तक्रार असेल, तर आधी फॅमिली डॉक्टरकडून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यायला सांगा. बायका ‘मनाला काहीतरी झालंय’ म्हणून वर्षभर स्वतःला दोष देत बसतात आणि निघतो थायरॉइड, हे मी अनेकदा ऐकलं आहे.

एक प्रश्न मात्र तुम्ही स्वतः विचारायचा आहे, सरळ आणि स्पष्ट शब्दांत. ‘कधी जगणं नको वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?’ असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. अशा माणसाला बहुतेक वेळा सुटल्यासारखं वाटतं, की कुणीतरी विचारलं तरी. उत्तर ‘हो’ आलं किंवा ती गप्प राहिली, तर तिला एकटीला घरी पाठवू नका. तिच्या समोर, तिला सांगून, घरच्या माणसाला फोन करा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात घेऊन जायला सांगा. १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर तुमच्या फोनमध्ये असू द्या. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ला सुरू केलेली ही सेवा चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

उत्तर ‘नाही’ आलं तरी टार्गेट देऊ नका. ती टार्गेट मागते आहे कारण काम करत राहिलं की आई आठवत नाही. आज दिलेलं टार्गेट पुढच्या आठवड्यात पुरं झालं नाही, की ‘मला हेही जमत नाही’ म्हणून त्याचंच नवं ओझं होईल. नोकरी सोडायचा विचार या दिवसांत तर बाजूलाच ठेवायला सांगा. रजा घेता येते, राजीनामा मागे घेणं अवघड असतं.

तिला काय सांगायचं, ते मी माझ्या शब्दांत लिहिते, तुम्ही तुमच्या भाषेत बसवा: ‘तुम्हाला करिअरबद्दल खरंच काहीतरी करायचंय, हे मला दिसतंय आणि ते काम आपण करू. पण झोप आणि जेवण जागेवर नसताना ते सुरू केलं तर तुमची आणखी दमछाक होईल. आधी डॉक्टरना भेटा, मग आईबद्दल बोलायला एखाद्या चांगल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. माझ्याकडे दोन नावं आहेत. उरलेल्या सेशनचे पैसे मी परत करते. दिवाळीनंतर मीच तुम्हाला फोन करेन.’ दोन नावं खरोखर तयार ठेवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आर. सी. आय.कडे, नोंदणी आहे ना ते बघा. समुपदेशक म्हणून पाटी लावणाऱ्या प्रत्येकाकडे ती नसते. आणि ठरल्याप्रमाणे दिवाळीनंतर फोन जरूर करा. आधीच आई गेलेल्या बाईला आणखी कुणी सोडून गेलं असं वाटायला नको.

ही बाई पहिल्या कॉलला तुम्हाला सर्वांत तयार वाटली होती. ओळखायची गोष्ट नेमकी इथे निसटते. उत्साह म्हणजे तयारी, असं आपण धरून चालतो. खूप दुखत असलेला माणूस पहिल्या कॉलला फार उत्साही असू शकतो, कारण या दुखण्यातून बाहेर पडायचं दार त्याला दिसलेलं असतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासात ध्येयाबद्दल जितकं विचारता, तितकंच रोजच्या दिवसाबद्दल विचारा. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, गेल्या वर्षभरात घरात काय काय झालं, औषधं कोणती चालू आहेत, संध्याकाळ कशी जाते. संध्याकाळच्या प्रश्नाला दारूचं उत्तर कधी कधी आपोआप येतं. आणि ते आलं तर ‘शिस्त लावण्याचं’ कोचिंग सुरू न करता आधी व्यसनमुक्तीचा रस्ता दाखवायचा. पुण्याचं मुक्तांगण १९८६पासून हेच काम करत आहे. तिथे निदान चौकशीचा फोन तरी करायला सांगावा.

आता मुलगा.

या मुलाची अडचण समजायला मानसशास्त्राच्या आधी आपली घरं पाहावी लागतील. आपल्याकडे बापासमोर ‘नाही’ म्हणायची सोय बहुतेक मुलांना नसते. मग ती ‘हो’ म्हणतात आणि करत नाहीत. ‘हो बाबा, बघतो’ हे शेकडो घरांतलं सभ्य नकाराचं वाक्य आहे. तुमच्या ऑफिसात ते ‘हो मॅडम, बरोबर आहे’ झालं आहे, एवढंच. वडिलांनी पैसे भरलेले, वडिलांनी शोधलेल्या मॅडम, दर रविवारी वडिलांना रिपोर्ट देणाऱ्या मॅडम. त्याच्या दृष्टीने तुम्ही वडिलांच्याच बाजूच्या आहात. तो पाच आठवडे तुम्हाला नम्रपणे नकार देतो आहे, आणि मला विचाराल तर त्यात त्याचं काही चुकलेलं नाही.

म्हणून ‘हा तयार नाही’ असं म्हणण्याआधी विचारायचं, कशाला तयार नाही? तयारी हा काही माणसाचा गुण नाही, की एकात आहे आणि एकात नाही. ती त्या वेळची असते आणि एका ठरावीक गोष्टीपुरती असते. अमेरिकेत जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटी यांनी १९८३मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून बदलाच्या पायऱ्यांची भाषा कोचिंगमध्येही आली. तुमच्या प्रशिक्षणात ती झालीच असणार. एखाद्याच्या डोक्यात विचारच नसतो, एखाद्याचा विचार चालू असतो, कुणी तयारीला लागलेला असतो, कुणी करू लागलेला असतो, कुणी केलेलं टिकवत असतो. आणि माणसं या पायऱ्या चढतात तशी घसरतातही. आपलं बहुतेक सगळं कोचिंग ‘आता काय करणार, कधी करणार’ या तिसऱ्या-चौथ्या पायरीसाठी बेतलेलं असतं. पहिल्या पायरीवरच्या माणसाला ते दिलं, की तो एक तर वाद घालतो किंवा तुमच्या मुलासारखा मान डोलावतो. वाद घालणारा परवडला. तो निदान काय वाटतं ते सांगत तरी असतो.

आणि आपण काय करतो? आणखी जोर लावतो. मान डोलावणाऱ्याला आणखी चांगलं उदाहरण, आणखी सोपा तक्ता, आणखी एक आठवण करून देणारा मेसेज. दारूच्या समस्येवर काम करणारे विल्यम मिलर यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर त्यांनी जी संवादाची पद्धत उभी केली, तिचा गाभा असा की द्विधा मनाच्या माणसासमोर तुम्ही बदलाची बाजू मांडलीत, तर न बदलण्याची बाजू त्याच्याकडे आपोआप जाते, आणि स्वतःच्या तोंडून ऐकलेलं माणसाला जास्त पटतं. १९९३मध्ये मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. समुपदेशक जितका अंगावर जाऊन बोलला, तितकी त्या माणसाची दारू वर्षानंतर जास्त, असं त्यात दिसलं. तुम्ही अंगावर जाणाऱ्यांतल्या नाही, हे तुमच्या पत्रावरून कळतं. पण समजावणं हाही हळू आवाजातला जोरच असतो.

तेव्हा सहाव्या सेशनला काही शिकवू नका. तयारी मोजायचा मला माहीत असलेला सर्वांत साधा प्रश्न विचारा: ‘वडिलांचा धंदा सांभाळणं तुझ्यासाठी किती महत्त्वाचं आहे? शून्य ते दहा.’ समजा तो तीन म्हणाला. इथे आपल्या सगळ्यांच्या जिभेवर येतं, ‘फक्त तीन? आठ का नाही?’ हे विचारलंत की तो पाच अडचणी सांगेल आणि त्या सांगता सांगता त्याला त्या आणखी पटतील. विचारायचं उलटं, ‘तीन का? शून्य का नाही?’ मग त्याला स्वतःच्या मनातलं थोडंसं ‘हवंय’ शोधावं लागतं. ‘कारण दुकानातली जुनी माणसं मला लहानपणापासून ओळखतात’ असं काहीतरी निघेल. ते त्याचं स्वतःचं असेल. त्यानंतर वेगळा प्रश्न, ‘आणि जमेल याची खात्री किती?’ महत्त्व आणि खात्री हे दोन आकडे वेगवेगळे घ्या. महत्त्व आठ आणि खात्री दोन असलेला माणूस घाबरलेला असतो. त्याच्याबरोबर काम करता येतं आणि फार छान करता येतं. महत्त्व एक आणि खात्री नऊ असेल, तर त्याला ते नकोच आहे.

तुमचा मुलगा जर खरंच शून्य म्हणाला, आणि ते शांतपणे, तुमच्या डोळ्यांत बघून म्हणाला, तर त्याचं मनापासून स्वागत करा. पाच सेशनमध्ये पहिल्यांदा तो तुमच्याशी खरं बोलला असेल. मग पुढचा प्रश्न, ‘मग तुझ्यासाठी आठ-नऊ काय आहे?’ कदाचित त्याला पुण्यात नोकरी करायची असेल. कदाचित धंदा हवा असेल, पण वडिलांच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून नको. कदाचित मनात लग्नाचा विषय असेल आणि घरात धंद्याचाच चालू असेल. त्यातलं काही निघालं तर याच मुलाची तयारी तुम्हाला एका सेशनमध्ये दिसेल. काहीच निघालं नाही, तर थांबायचं.

पण हे सगळं करण्याआधी रविवारचा फोन बंद व्हायला हवा. कॉर्पोरेट कोचिंगमध्ये पैसे भरणारी कंपनी आणि कोचिंग घेणारा माणूस यांत फरक करतात, कुणाला काय कळणार हे आधी कागदावर घेतात. एच. आर.मध्ये असताना तुम्ही असे करार पाहिले असतील. कुटुंबात मात्र ‘घरचीच तर माणसं’ म्हणून आपण ते सोडून देतो, आणि खरी गरज तिथेच असते, कारण कंपनीतून माणूस संध्याकाळी घरी जातो, या मुलाला संध्याकाळीही त्याच माणसाबरोबर जेवायचं असतं. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या आचारसंहितेत पैसे भरणाऱ्याबरोबर कोणती माहिती कशी वाटून घ्यायची, हे आधीच स्पष्ट करायला सांगितलं आहे. तुम्ही त्यांच्या सदस्य असा वा नसा, हा नियम घेण्यासारखा आहे. वडिलांना सांगायचं, ‘काका, सेशनला आला की नाही एवढंच मी सांगू शकते. आत काय बोलणं झालं ते त्याचं आहे, त्याला वाटलं तर तो तुम्हाला सांगेल.’ आणि वडिलांना सांगितलेलं हे वाक्य जसंच्या तसं मुलालाही सांगा. ते ऐकल्यावर तो खुर्चीत कसा बसतो, ते बघा.

आता तुमचा मोठा प्रश्न, आधी कसं ओळखायचं.

मी कान देते ते वाक्यांच्या कर्त्याकडे. अर्ध्या तासाच्या पहिल्या गप्पांमध्ये माणूस कुणाबद्दल बोलतो? ‘साहेब समजून घेत नाहीत, बायको बोलते, मुलं ऐकत नाहीत, मार्केट बसलंय.’ हे सगळं खरंही असेल, आणि सुरुवातीला प्रत्येकजण असंच बोलतो. पण ‘यात तुमच्या हातात काय आहे?’ असं दोन-तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने विचारूनही वाक्यात ‘मी’ आलाच नाही, तर कोचिंगला धरायला काही जागा नसते. दुसरा प्रश्न ‘आत्ताच का?’ हा. ज्याच्याकडे याचं उत्तर असतं, मग ते ‘परवा मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही कधी हसतच नाही’ इतकं साधं का असेना, त्याच्या आत काहीतरी हललेलं असतं. ‘असंच, सगळे म्हणाले करून बघ’ यावर पुढचं काही उभं राहत नाही. तिसरा प्रश्न फार कमी कोच विचारतात. ‘हे बदललं तर तुम्हाला काय सोडावं लागेल?’ वजन, पैसा, वेळ, नाती, कुठल्याही बदलात काहीतरी जातं. उशिरा घरी जाणारा माणूस वेळेवर घरी जायला लागला, की ऑफिसातलं त्याचं महत्त्व कमी होतं. हे ज्याने मनाशी थोडं तरी पाहिलं आहे, तो तयार आहे.

याआधी काय काय करून पाहिलं, हेही विचाराच. एकापाठोपाठ एक शिबिरं, कोर्स, वेबिनार केलेली काही माणसं आपल्याकडे येतात. त्यांना सगळे शब्द येतात आणि आपल्यालाही गप्पा मारून बरं वाटतं. त्यांना विचारा, ‘मागच्या शिबिरातून घेतलेली कोणती एक गोष्ट आजही चालू आहे?’ एकही नसेल, तर नवं सेशन हे पुढचं शिबिरच ठरेल. अशा माणसाला मी मागचंच एक काहीतरी महिनाभर करून मग यायला सांगते. बरेच येत नाहीत. जे येतात त्यांच्याबरोबर काम भरभर होतं.

पण उलट्या बाजूची काळजी मला जास्त वाटते. काही खुणा तयारी नसल्याच्या वाटतात आणि तशा नसतात. पहिल्या पिढीत शिकलेला, गावाकडून आलेला मुलगा ‘तुम्हीच सांगा मॅडम, काय करू’ म्हणतो, कारण आजवर प्रत्येक शिक्षकाने त्याला सांगितलंच आहे, विचारलं कुणीच नाही. त्याला कोचिंग म्हणजे काय ते दहा मिनिटं नीट समजावून सांगा आणि दोन सेशन द्या. फीमध्ये घासाघीस करणारा अनिच्छुक नसतो. त्याला खरोखर परवडत नसेल. इंग्रजी शब्द न येणारा, ‘गोल’ एका वाक्यात सांगू न शकणारा, थांबून थांबून बोलणारा, यांतला कुणीही अपात्र नाही. आणि द्विधा असलेला तर मुळीच नाही. ‘एक मन म्हणतं सोडावं, एक म्हणतं राहावं’ हे जो उघड बोलतो, त्याच्याबरोबर बसणं हेच तर आपलं काम आहे.

आणखी एक जागा अशी की जिथे माणूस पूर्ण तयार असतो, पण कोचिंग हे उत्तरच नसतं. एखादी बाई ‘नवऱ्याशी बोलायचं कसं ते शिकवा, माझाच स्वभाव रागीट आहे’ म्हणून येते आणि तिसऱ्या सेशनला कळतं की घरात मारहाण होते. तिथे संवादकौशल्याचं कोचिंग केलं तर मारहाणीचा दोष आपण तिच्याच पदरात टाकतो, आणि घरात बोलून बघ म्हणून तिला धोक्यातही घालतो. तिला २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याची माहिती हवी, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर हवा, आणि तिचं ऐकून विश्वास ठेवणारं माणूस हवं. त्यातलं तिसरं तुम्ही होऊ शकता, फी न घेता.

स्वतःकडे पाहून ओळखायची खूण म्हणाल तर ती तुम्ही पत्रात लिहूनच दिली आहे. ‘माझी झोप उडाली आहे.’ क्लायंटच्या बदलाची काळजी क्लायंटपेक्षा कोचला जास्त वाटू लागली, सेशनची तयारी आपण तासभर करतो आणि तो आठवडाभर वहीही उघडत नाही, सेशनमध्ये आपणच जास्त बोलतो, असं दोन वेळा झालं की थांबून बघायचं. याबद्दल एखाद्या अनुभवी कोचशी महिन्यातून एकदा बोलायची सोय करून घ्या. एकटीने हे सगळं पेलू नका.

यात पैशाचाही भाग आहे, आणि तो बोलायला अवघड असला तरी बोलू या. १२ सेशनचे पैसे एकदम हातात आले की ‘हा तयार नाही’ हे दिसायला उशीर लागतो. घरभाडं, हप्ते, मुलांच्या फिया सगळ्यांनाच असतात. आपल्याकडे कोच व्हायला कुठला सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे कुणाला नको म्हणायचं ही शिस्त आपली आपल्यालाच लावून घ्यावी लागते. पुढच्या क्लायंटपासून आधी तीन सेशनचेच पैसे घ्या. तिसऱ्याच्या शेवटी दोघांनी बसून ठरवायचं, पुढे जायचं का. करारात एक ओळ घाला, की दोघांपैकी कुणालाही थांबावंसं वाटलं तर थांबता येईल आणि न झालेल्या सेशनचे पैसे परत मिळतील. मी सांगितलेल्या आचारसंहितेतही हेच आहे, की या कामातून क्लायंटला मिळणारं कमी होऊ लागलं तर कोचने लक्ष ठेवून काही बदलावं, किंवा त्याला दुसऱ्या कोचकडे, दुसऱ्या तज्ज्ञाकडे जायला सुचवावं. मुलाच्या उरलेल्या सेशनचे पैसे परत करणं या महिन्यात जड जाईल. दोन हप्त्यांत करा, पण करा.

थांबवताना ‘तू तयार नाहीस’ हे वाक्य वापरू नका. तो शेरा होतो आणि २९ वर्षांच्या मुलाला असे शेरे पुष्कळ मिळालेले असतात. म्हणा, ‘हे काम आत्ता तुझ्यासाठी नाही असं मला वाटतं, आणि तू इथे यावंस हे ठरवलंही तू नव्हतंस. तुला स्वतःला कधी यावंसं वाटलं, अगदी वेगळ्याच कारणासाठी, तर मला थेट मेसेज कर. तू आलास हे मी घरी सांगणार नाही.’ तेव्हा फी त्याने स्वतः भरावी, परवडेल तेवढी. स्वतःच्या खिशातून भरलेल्या थोड्या पैशांनीही बसण्यात फरक पडतो.

राहिले वडील. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की त्या घरात बदल हवा असलेला माणूस एकच आहे. कोच त्यांनी शोधली, पैसे त्यांनी भरले, दर रविवारी न चुकता फोन ते करतात. ‘काही फरक?’ या प्रश्नाच्या मागे बहुधा साठीच्या आसपासच्या माणसाची काळजी आहे, की उभं केलेलं हे सगळं माझ्यानंतर कोण बघणार. धंदा कुणाच्या हाती द्यायचा, किती द्यायचा, कधी हात काढून घ्यायचा, मुलाने नाही म्हटलं तर काय, हे प्रश्न त्यांचे आहेत आणि ते त्यांनी मुलाच्या नावाने तुमच्याकडे पाठवले आहेत. ‘आत्ताच का?’ हा प्रश्न त्यांना विचारला, तर मला वाटतं त्यांच्याकडे उत्तर असेल.

येत्या रविवारी फोन आला की गुळमुळीत काही बोलू नका. समोरासमोर भेटायला बोलवा. मुलाच्या सेशनबद्दलचा नियम सांगा, पैसे परत करण्याचं सांगा, आणि मग त्यांना विचारा, ‘काका, मुलगा बाजूला ठेवू. तुम्हाला स्वतःला येत्या दोन-तीन वर्षांत काय व्हायला हवंय?’ आणि ऐका. बोलावंसं वाटलं तर त्यांना दुसऱ्या एखाद्या कोचचं नाव द्या, शक्यतो कौटुंबिक धंद्यांबरोबर काम केलेल्या माणसाचं. ते काम तुम्ही स्वतः घेऊ नका. मुलगा पुन्हा तुमच्याकडे यायचा असेल, तर तुमचं दार वडिलांच्या वापरात नसलेलं बरं.